रॉयल्टी भरली, पण डोंगराचं काय?

कोकणातल्या माझ्या गावाच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. खाडीकडच्या डोंगराला जेसीबी लागलाय, ‘सी व्ह्यू’ प्लॉट पडणार आहेत. एक गट म्हणतो, रॉयल्टी (माती-मुरूम काढण्याचं सरकारी शुल्क) बुडवली, तहसीलदारांनी पंचनामा करावा. दुसरा गट पावत्यांचे फोटो टाकतो: ब्रासला (म्हणजे शंभर घनफुटांना) ६०० रुपये मोजलेत, आता बोला! विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपट दंड, हेही कुणीतरी सुनावून झालं. सगळा हिशेब ब्रासचा. कापलेल्या दरडीखाली वाडी आहे, तिचं नाव कुणी काढलं नाही.

मी लॉस एंजेलिसमध्ये डोंगरउतारावर राहतो. इथल्या परवान्यांना शिव्या घालण्यात मी मागे नसतो. भूगर्भतज्ज्ञाच्या अहवालाचं बिल पाहून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. पण हे नियम कुणाला हौस होती म्हणून आले नाहीत. १९५१-५२ च्या हिवाळी पावसात डोंगरावरची घरं घसरली, तेव्हा शहराने खोदाई-भरावाचा कायदा केला. १९६३ मध्ये तो आणखी कडक झाला. १९६९ च्या पावसाने त्याची परीक्षा घेतली. १९५२ पूर्वीच्या सुमारे १०,००० भूखंडांपैकी हजारावर भूखंडांचं नुकसान झालं. १९६३ नंतरच्या सुमारे ११,००० पैकी? फक्त १७.

आजही इथे डोंगराळ भागात १,००० घनयार्डांहून, म्हणजे आपल्या २७० ब्रासहून, जास्त माती आणायची वा न्यायची तर जाहीर सुनावणी होते. ट्रक कुठल्या रस्त्याने, किती वाजता जाणार, यावर शेजारीपाजारी बोलू शकतात. आमच्या वरच्या गल्लीतल्या बंगल्याच्या वेळी एका आजींनी शाळा सुटायच्या वेळेचा मुद्दा काढला आणि ट्रकांची वेळ बदलली.

आपल्याकडे उताराचा नियमच नाही असं नाही. एकास पाचपेक्षा (पाच फुटांत एक फूट चढ) तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. पण जेसीबी आधी येतो, बांधकामाचा नकाशा मागाहून. तोवर उतार शिल्लक राहतोच कुठे? शेजारच्या गोव्यात नगरनियोजन कायद्याचं कलम १७-अ निदान मुळाला हात घालतं: डोंगरकापणी असो की सखल जमिनीतला भराव, आधी मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी. तिथेही डोंगर कापले जातातच, पण निदान दाद मागायला कलम तरी आहे.

कोकणात तहसीलच्या परवान्याआधी नगररचनेचा दाखला सक्तीचा करा. त्यात उतार, पाण्याची वाट आणि खालची घरं, तिन्ही नोंदवा. रॉयल्टी मग हवी तर दुप्पट घ्या.