वेस्टगेट म्हणजे पश्चिमेचं दार नव्हे

रविवारी जेवताना मी सहज बोलून गेलो की वेस्टगेट (वेस्ट म्हणजे वाया, टर्बोकडे जाणारा जादा गॅस बाहेर सोडणारी झडप) 38 चं घेऊ का 44 चं तेच कळत नाहीये, तर बाबांनी घास हातातच ठेवून विचारलं, "पश्चिमेला दार? आणि 44 काय, इंच?" बाबा रिटायर झाल्यापासून वास्तुशास्त्र बघतात. म्हणलं मिलिमीटर, बाबा, गाडीला लावायचंय. "गाडीला पश्चिम कुठून आली?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी आमटी वाढून घेतली.

तर झालंय असं की माझ्याकडे 2002 ची होंडा सिटी व्हीटेक आहे, दीड लिटरची, आणि तिला टर्बो, म्हणजे इंजिनातून सुटलेल्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. रस्त्यावर असले बदल चालत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, म्हणून गाडी आता फक्त धावपट्टीवर ड्रॅगपुरती, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीपुरती, तीही टो करून न्यायची. म्हणजे आधी मी गाडीत बसून फिरायचो, आता गाडी ट्रकात बसून फिरते. इंजिन आतून कंपनीचंच, पिस्टन रॉड सगळं जुनं, त्यामुळे ठरवलं की बूस्ट, म्हणजे त्या कोंबलेल्या हवेचं प्रेशर, 7 पीएसआय, त्याच्या वर एक दाणा नाही. यावर आईने सांगितलं की कुकर 15 ला शिट्टी देतो. म्हणजे एवढा खर्च करून माझ्या गाडीत आईच्या कुकरच्या निम्मं प्रेशर.

आता 7 च पाहिजे तर वेस्टगेट छोटंच लागणार ना, असं माझं साधं सरळ गणित. मोठा टर्बो, मोठा बूस्ट, मोठं गेट. आपलं काम बारीक, आपल्याला 38 चं भरपूर. भोसरीतल्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींनी विचारलं पण, "साहेब, नक्की?" मी नक्की म्हणालो. मी ज्या गोष्टी नक्की म्हणतो त्यांची एक वेगळी फाइल करायला पाहिजे.

पहिल्याच रनला साडेतीन हजार आरपीएमला गेजचा काटा 7 वर आला, थांबला, मला भरून आलं, आणि मग साडेचारला 8, पाचला 9, सहाला 11. गेट पूर्ण उघडं, गेट दाबून धरणारी स्प्रिंग 7 ची, तरी काटा आपला चढतोच आहे. याला बूस्ट क्रीप म्हणतात हे मला नंतर कळलं, तेव्हा मी फक्त "अरे अरे अरे" एवढंच म्हणत पाय काढला.

मिस्त्रींनी मला जे समजावलं ते लग्नाच्या हॉलच्या भाषेत होतं, त्यामुळे डोक्यात बसलं. इंजिनातून सुटलेला गॅस म्हणजे अक्षता पडल्यावर उठलेली गर्दी. एक दार पंगतीकडे जातं, ते टर्बाइन, तिथे जेवढी माणसं घुसतील तेवढा टर्बो जोरात फिरणार. दुसरं मागचं दार थेट पार्किंगला, ते वेस्टगेट. आता तुम्हाला पंगतीला थोडीच माणसं बसवायची असतील तर बाकीची सगळी मागून काढायला हवीत, म्हणजे मागचं दार मोठं पाहिजे! आणि पाचशे पानांची पंगत असेल तर मागून जाणार कोण, चार डायबेटिसवाले, त्यांना खिडकी पण पुरते. म्हणजे बूस्ट कमी आणि टर्बो छोटा तर गेट मोठं, टर्बो मोठा आणि बूस्ट जास्त तर गेट छोटं चालतं. मी बरोबर उलटं केलं होतं.

मी मोठ्या हुशारीने सुचवलं की बूस्ट कंट्रोलर लावून खाली आणू. तर कंट्रोलर बूस्ट स्प्रिंगच्या वर नेतो, स्प्रिंगच्या खाली आणू शकत नाही, आणि इथे तर दार आधीच सताड उघडं, त्याला आणखी उघड म्हणून कोण सांगणार.

मग 44. नुसते 6 मिलिमीटर जास्त, पण दाराचं क्षेत्रफळ 34 टक्क्यांनी वाढतं, मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. खरंतर मोहाच्या भरात 60 चं पण बघून आलो, अडीच पट दार! पण ते मॅनिफोल्डवर (सिलिंडरांमधून सुटलेला गॅस एकत्र करून टर्बोकडे नेणाऱ्या पाईपांच्या जुडग्यावर) बसवायला जागाच नव्हती आणि गरजेपेक्षा फार मोठं गेट जरासं उघडलं तरी बूस्ट भसकन पडतो म्हणे.

44 लावलं, काटा 9 वर थांबला. 11 चे 9. आता मात्र चूक व्यासाची नव्हती. गेटचा पाईप एकाच सिलिंडरच्या रनरला, म्हणजे जुडग्यातल्या त्याच्या एका पाईपला, काटकोनात जोडला होता (जागा तिथेच होती, आणि "चालेल" मीच म्हणालो होतो, फाइल बघा). गॅस सुसाट सरळ चाललेला, तो कशाला काटकोनात वळून पार्किंगला जातोय, समोर जिलबी दिसतेय. शेवटी मॅनिफोल्ड कापून जिथे चारही रनर एकत्र येतात तिथून तिरका पाईप काढला. काटा 7 वर आला आणि सहा हजारपर्यंत हलला नाही.

आणि ही सगळी अक्कल नवी नाही बरं का, 1962 ला अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी विकायला काढली तेव्हाच तिला वेस्टगेट होतं. मला तेच गेट निवडायला चार महिने आणि एक मॅनिफोल्ड लागला.

परवा गाडी घरी आणली तर बाबा मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन खाली आले. बॉनेट उघडायला लावलं, गेटपाशी मोबाइल धरला, बराच वेळ बघितलं. "नैऋत्य," म्हणाले, "गाडी उलटी लाव."

लावली.