ताई, सुरमईची चूक आमची, तिरफळाची नाही

नमस्कार ताई. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री खानावळ बंद केल्यावर वाचला, मग ह्यांना वाचून दाखवला आणि मग आम्ही दोघं भांडी तशीच ठेवून तासभर त्याच्यावरच बोलत बसलो. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवराबायको दर रविवारी घरी काहीतरी नवीन करून बघता, महिन्यातून दोनदा बाहेर खाता, आणि आमच्याकडची बांगड्याची आमटी तुमच्या घरच्यापेक्षा कमी पडली. त्यात काळ्या बिया होत्या, तुमच्या मिस्टरांनी एक चावली तर जीभ बधिर झाली. सुरमई ताजी सांगितली पण ताजी नव्हती, सोलकढी फिकी आणि पाणचट, वड्यांना चाळीस मिनिटं लागली. एवढं सगळं मुद्देसूद लिहिलंय तर मी पण नीट उत्तर देते, "क्षमस्व, पुन्हा संधी द्या" असलं दोन ओळींचं नाही.

आधी सुरमई, कारण तिथे तुमचं शंभर टक्के खरं आहे. तुम्ही आलात जुलैत. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला, मग कोकणातली ताजी सुरमई पुण्यात येणार कुठून. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला सुटते, त्यामुळे ह्या दिवसांत गणेश पेठेच्या बाजारात तिकडचा आंध्राकडचा माल बर्फात येतो. तुमच्या ताटातली सुरमई तीच होती. मासा खराब नव्हता, सकाळी मी स्वतः कल्ले उघडून बघून घेतला होता, पण बर्फात इतके दिवस प्रवास केलेल्या माशाला ताजा म्हणायचं नाही, तुकडा कोरडा पडतो आणि तुम्हाला तो बरोबर कळला. आमच्या वाढणाऱ्या मुलाला मी विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, सुरमई सकाळच्या गाडीला आली होती म्हणून ताजी सांगितलं." तो समुद्राकाठचा नाही, त्याला हा फरक मी कधी शिकवलाच नव्हता, म्हणजे चूक त्याची नाही, माझी. आता दारातल्या फळ्यावर रोज लिहितोय मासा कुठला आणि बर्फातला आहे का. तुमच्या सुरमई थाळीचे ५५० रुपये परत करायचेत, बिलावर नंबर आहे त्यावर फक्त तारीख पाठवा, लगेच टाकते.

आता तिरफळं. ताई, त्या बिया नाहीत हो. तिरफळ म्हणजे काटेरी झाडाचं फळ, वाळलं की तोंड उघडतं, आतली काळी बी आम्ही निवडून टाकतो आणि फक्त वरचं साल आमटीत घालतो. चिनी जेवणात ती सिचुआन मिरी असते ना, तिच्याच कुळातलं आहे हे, म्हणून जिभेला मुंग्या येतात. बांगडा, तारली, पेडवे असले तेलकट मासे असले की त्यांचा उग्रपणा तिरफळानेच मारला जातो, आमच्या वेंगुर्ल्याकडे तिरफळाशिवाय बांगड्याची आमटी कोणी करत नाही. पण ते चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं असतं, आणि हे तुम्हाला वाढताना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. आमच्याकडे लहान मुलांच्या ताटातून आई आधी तिरफळं वेचते आणि मग भात कालवून देते, इतकं ते आमच्या अंगवळणी पडलंय की पाहुण्याला सांगायचं लक्षातच राहत नाही. तुमच्या मिस्टरांना त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "काहीतरी खराब घातलं होतं" एवढं वाक्य मात्र मला लागलं, कारण ती तिरफळं माझ्या सासूबाई अंगणात सुपावर बसून एकेक निवडून पाठवतात, पंच्याहत्तरी गाठलीय त्यांनी.

तुमच्या घरच्या आमटीचं वाचून बरं वाटलं, खरंच. तुम्ही लिहिलंय की आलं-लसूण पेस्ट आणि तयार मालवणी मसाला घालता आणि मासा मात्र नेहमी मोडतो. मालवणी मसाला कोंबडीला, मटणाला, तिसऱ्यांना घाला, पण बांगड्याच्या ह्या आमटीला नको, ती अगदी साधी असते. ओलं खोबरं, बेडगी मिरची भिजवून, धणे, हळद, कांद्याची एखादी फोड, एवढंच गंधासारखं बारीक वाटायचं. लसूण आम्ही घालत नाही, तिरफळाचा वास दबतो त्याने. सात-आठ तिरफळं थोड्या पाण्यात जरा ठेचून घालायची. वाटणाला उकळी फुटली की मग मासा सोडायचा, त्याच्यानंतर चमचा भांड्यात घालायचाच नाही, दोन्ही बाजूंनी भांडं धरून हलवायचं, सहा-सात मिनिटांत बांगडा शिजतो. आमसुलं शेवटी. मग झाकून निदान अर्धा तास विसरून जायचं, आणि उरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर खाऊन बघा.

सोलकढीचं निम्मं मान्य. रंग फिकाच असतो आमचा, घट्ट नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घातलं की तेवढाच गुलाबी येतो, गडद दिसायला बीट किंवा रंग घालतात ते आम्ही कधी केलं नाही आणि करणार नाही. पण पाणचट होती हे खरं असणार. तुम्ही पावणेतीनला आलात, रविवारची गर्दी, नारळाचं पहिलं घट्ट दूध संपलेलं आणि शेवटच्या भांड्यात दुसरं पातळ दूध जास्त. अशा वेळी "सोलकढी संपली" म्हणायला पाहिजे होतं. ह्यांना मी तेव्हाच म्हटलं होतं, पण थाळीत सोलकढी नाही म्हटलं की लोक चिडतात म्हणून आम्ही दोघांनीही तशीच वाढली. आता संपली की संपली.

वड्यांची चाळीस मिनिटं मात्र मी कमी करू शकत नाही, अर्ध्या तासाच्या आत तर नाहीच. तांदूळ, उडीद, थोडी चणाडाळ, धणे, मेथी, बडीशेप असं दळलेलं पीठ सकाळी मळून मुरायला ठेवतो, पण थापायचा वडा ऑर्डर आल्यावरच. ओल्या प्लास्टिकवर गोळा ठेवून बोटांनी गोल थापायचा, कडेला जाड राहिला तर फुगत नाही, मध्ये पातळ झाला तर तेल पितो. कढईत सोडला की झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं, मग तो टम्म फुगतो, आणि एका वेळी दोनच. आमच्याकडे थापणारी मी आणि एक मावशी, त्या दिवशी समोर अकरा टेबलं. आधी तळून ठेवलेले वडे दहा मिनिटांत चामट होतात, सागोतीच्या रश्श्यात बुडवले तरी तुटत नाहीत, ते मी कुणाच्या ताटात घालणार नाही. पण ऑर्डर घेतानाच "वड्यांना पाऊण तास लागेल, चालेल का" हे विचारायचं आता ठरवलंय, म्हणजे ज्यांना घाई आहे ते भाकरी घेतील.

एक सांगू का, तुम्ही दोघं घरी करून बघता, बिघडतं, परत करता, मग बाहेर जाऊन तोच पदार्थ खाऊन ताडून बघता, हे वाचून मला आमचेच सुरुवातीचे दिवस आठवले. लग्नानंतर पुण्यात आलो तेव्हा आम्ही पण असेच फिरायचो, कुठल्याही मालवणी बोर्डाखाली शिरायचं आणि घरी येऊन ह्यांनी म्हणायचं, आईच्या हातचं नाही. त्याच्यातनंच ही खानावळ सुरू झाली. म्हणून घरच्या चवीशी तुलना केलीत त्याचा राग नाही, ती करायलाच पाहिजे.

नारळी पौर्णिमा झाली की बोटींचा ताजा बांगडा यायला लागेल. तेव्हा या, शक्यतो बाराच्या सुमाराला, पहिलं दूध असतं. मिस्टरांची इच्छा असेल तर आत येऊन वडे थापून बघू दे त्यांना. आणि सासूबाईंनी पाठवलेल्या तिरफळांतली मूठभर पुडीत बांधून काउंटरच्या खणात ठेवलीत, तुमच्या रविवारच्या आमटीसाठी, ती आला नाहीत तरी कोणाला पाठवून घेऊन जा.