रेफरचा कागद

बबनच्या पानठेल्यासमोर ग्रामपंचायतीच्या नळाचा जुना ओटा आहे. नळाला सहा वर्षांत पाणी आलेलं नाही, पण ओटा संध्याकाळी सातनंतर कधी रिकामा दिसत नाही. परवा गारठा होता म्हणून बबननं पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. बापूराव शेकोटीला पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसले होते. म्हणजे भाषण होणार हे ठरलेलंच.

मधूचं सगळ्यांना माहीत आहे. रात्रीची लाईट, हरभऱ्याचं पाणी, आणि बांधावर परड चावली, म्हणजे घोणस. त्या रात्री सहा जणांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या हेही माहीत आहे, आणि त्या सहा जणांत आपला अंकुश होता हेही. जामीन झाल्यापासून तो येतो, पण ओट्याच्या टोकाला बसतो आणि खर्रा उधार मागत नाही. यावरून काय ते समजा.

"मी सांगतो, लिहून घ्या," बापूराव सुरू झाले. "थे डॉक्टरीन पोट्टी हाय ना, तिच्यावर सिद्धं तीनशे चार अ लागते. हयगय!"

बापूराव तहसीलसमोर अर्जनवीस आहेत. तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून त्यांना जिथं तिथं कलम दिसायला लागलं आहे. माझ्या लग्नात पंगत उशिरा बसली, तेव्हाही त्यांनी एक लावलं होतं.

"काका, मधू जित्ता हाय," पंकज म्हणाला. "मानूस मेल्याशिवाय तीनशे चार अ कसं लागन? अन थे कलम तरी आता उरलं कुठं? 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत एकशे सहा झालं."

"एटीकेटीवाल्यानं मले शिकवू नये."

"एटीकेटी कंपनी कायद्यात हाय. हा विषय सुटला माहा."

मग पंकजनं मोबाइल न काढता सांगितलं, की एकशे सहात बाकीच्यांना पाच वर्षांपर्यंत, पण नोंदणी असलेल्या डॉक्टरनं इलाज करताना हयगय केली तर दोन वर्षांपर्यंत. शिवाय जेकब मॅथ्यू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2005 मध्येच सांगून ठेवलंय, की फौजदारी लावायची तर हयगय साधी नको, घोर पाहिजे. आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी.

"म्हंजे डॉक्टरले डॉक्टरच तपासन?" बापूराव म्हणाले. "उद्या माह्या अर्जाची चौकशी मलेच करू द्या मंग."

हे खरं तर त्यांचं त्या रात्रीचं एकमेव चांगलं वाक्य. ते खर्र्याची पिंक टाकायला उठले आणि वाया गेलं.

नामदेव तोवर गप्प होता. नामदेव 108 वर ड्रायव्हर. त्यांच्या नोकरीत ड्रायव्हरला पायलट म्हणतात. आम्ही आधी थट्टेनं म्हणायचो, आता तसंच नाव पडलं. मधूला यवतमाळला त्यानंच नेलं होतं.

"बापूराव, तुमी त्या रातची होते का दवाखान्यात?"

"मी असतो तं..."

"नव्हते. मी होतो." पायलटनं हात शेकता शेकता सांगितलं. "साप चावला नऊले. दवाखान्यात आनलं पावनेबाराले. मंधातले पावनेतीन तास मधू कुठं होता, थे इथं बसलेल्या सगळ्याइले मालूम हाय. निंबाचा पाला खाऊ घालत होते त्याले. कडू लागते का, इचारत होते."

कोणी काही बोललं नाही. तिकडं कोण घेऊन गेलं होतं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

"पन पायलट," अंकुश टोकावरून म्हणाला, "आमी नेलं तवा ते बाई नळीकडे पायत बसली होती. रक्त काढलं, काचेच्या नळीत टाकलं, टेबलावर ठेवलं, अन कोनाले हात लावू देईना. वीस मिनिटं! इकडं मधूचा पाय फुगून रायला, अन हे घड्याळाकडे पाहे."

"लेका, तोच तं इलाज होता."

मग पायलटनं जे सांगितलं ते मी शांतपणे ऐकलं, कारण एवढं मला या वयापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. नवी, कोरडी, काचेची नळी. दोन मिली रक्त. वीस मिनिटं हलवायची नाही. मग तिरपी करून बघायची. गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर परडीचं विष रक्तात भिनलं. मधूचं वाहिलं. त्या पोरीनं तेव्हाच सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा वायल लावल्या, पावडर विरघळवून, सलाईनमध्ये. सोबतीला एक सिस्टर आणि झोपेतून उठवलेला एक शिपाई. किडनीची भीती म्हणून रेफर. पण रेफर लिहायच्या आधी यवतमाळला फोन करून खाट आणि डायलिसिसचं विचारलं, आणि कागदावर लिहिलं: किती वाजता आला, काय दिलं, सहा तासांनी पुन्हा नळी बघा.

"अकरा वर्सं गाडी चालवून रायलो. माह्या डॅशबोर्डवर रेफरचे लई कागद येऊन गेले. निम्म्यावर दोनच शब्द रायते, 'पुढील उपचारासाठी'. मांगचा उपचार कोनता, थे देवाले मालूम. हा पयला कागद पायला का यवतमाळच्या डॉक्टरनं वाचला अन इचारलं, कोनी लिहिला? अन आमी निघत नाही तं इकडं तुमी काचा फोडून रायले. थे लेकरू बाळंतखोलीत कडी लावून बसलं होतं."

"लेकरू कायचं, डॉक्टर हाय," बापूराव म्हणाले.

"चोवीस वर्साची हाय. सांगलीकडची. बॉन्डवर आली. एक वर्स काढा नाही तं दहा लाख भरा. तुमचा संजू चोवीसचा होता तवा दाढी कराले तरी एकटा जाये का?"

संजूचा विषय निघाला की बापूराव दोन मिनिटं गप्प बसतात. ही सोय सगळ्यांना माहीत आहे.

पण अंकुश गप्प बसला नाही. अंकुश मूर्ख नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. "मी त्या बाईसाठी काच नाही फोडली पायलट," तो म्हणाला. "मी माही फोडली."

मागच्या वर्षी त्याच्या बायकोची वेळ आली होती. एका दवाखान्यात म्हणाले डॉक्टर सुट्टीवर, दुसऱ्यात म्हणाले रक्त नाही, तिसऱ्यात म्हणाले इथं का आणलं. तिन्हीकडून तोंडीच वाटेला लावलं, कागद कोणीच दिला नाही. शेवटी नंदिनी झाली पायलटच्या गाडीत, जोडमोहाच्या अलीकडे, डांबरीच्या कडेला. आता अख्खं गाव त्या पोरीला एकशेआठ म्हणतं आणि ती हाक मारली की येतेही. आम्ही हसतो. अंकुशची बायको अजून हसत नाही.

"तिन्हीकडे हात जोडले होते मी. काच तवा फोडाले पायजे होती, तवा जमलं नाही."

याला पायलटकडेही उत्तर नव्हतं. त्यानं फक्त पऱ्हाटी पुढं सरकवली.

पंकजला मात्र अशी शांतता सहन होत नाही. "यावर तं सुप्रीम कोर्टाचा निकाल हाय," तो म्हणाला. कलकत्त्याकडचा हकीम शेख, शेतमजूर, 1992 मध्ये रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखाने म्हणाले खाट नाही, सोय नाही. शेवटी खाजगीत जाऊन सतरा हजारांच्या आसपास खर्च झाला. 1996 मध्ये कोर्टानं सरकारला त्याला 25,000 द्यायला लावले आणि सांगितलं, जीव वाचवणं हे सरकारचं घटनेनं दिलेलं काम आहे, पैसा नाही ही सबब चालणार नाही. प्राथमिक केंद्रातच रोग्याला सावरायची सोय पाहिजे, आणि कुठं खाट रिकामी आहे हे आधी कळायची यंत्रणा पाहिजे.

"म्हंजे त्या पोरीनं जो फोन केला," मी म्हणालो, "तो कोर्टानं 1996 मध्येच सांगितला होता?"

"हो. अन तिनं बहुतेक तो निकाल वाचलाही नसन."

"मंग ग्राहक मंचात टाका!" बापूराव परत आले. "मी अर्ज लिहून देतो. सातशे रुपये."

"फुकट दवाखान्याले ग्राहक कायदा लागत नाही काका. 1995 चा निकाल. जिथं कोनाकडूनच पैसे घेत नाही, तिथं तुमी ग्राहक नाही."

"मंग मी कोन हाव?"

"उधारीवाले," बबन ठेल्यातून म्हणाला.

बबनचंही एक जुनं दुखणं आहे. त्याचा भाऊ मोटारसायकलवरून पडला, तेव्हा एका खाजगी डॉक्टरनं रक्त वाहत असताना सांगितलं, पोलीस केस आहे, आधी पोलीस आणा. पंकजनं 1989 चा निकाल सांगितला, कटारा नावाचा: सरकारी असो की खाजगी, आधी जीव, मग पोलीस. बबननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माह्या भावाच्या वक्ती हे कोनी सांगितलं असतं तं मी त्या डॉक्टरले वाचून दाखवलं असतं." मग तो खर्रा घोटायला लागला, नेहमीपेक्षा जोरात.

"अंकुश, तुले एक सांगू?" पायलट म्हणाला. "काच फोडाले दोन मिनिटं लागते. कागद मागाले बहात्तर तास. पन काचेवर कोनाचं नाव नसते."

हेही खरं आहे. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमांत आहे: भरती रोग्याची नोंद तीन वर्षं ठेवायची आणि मागितली तर बहात्तर तासांत द्यायची. आमच्या गावात आजवर कोणी मागितलेली नाही. दगड मात्र दोनदा मारून झाले.

"मले काय होईन?" अंकुशनं हळूच विचारलं.

"2010 चा महाराष्ट्राचा कायदा. तीन वर्सांपर्यंत, पन्नास हजारांपर्यंत दंड, अन नुकसानीच्या दुप्पट भरपाई."

"काचा केवढ्याच्या होत्या?"

"दुप्पट कितीचं थे इचार," बबन म्हणाला.

इथं बापूरावांनी चूक केली. म्हणाले, "खरी चूक त्या आशा वर्करची. तिनं मधूले पाला खाऊच कसा देला?"

माझी वहिनी आशा आहे. ती त्या रात्री तिथं जाऊन हात जोडून आली होती, आणि 108 ला फोनही तिनंच केला. त्यामुळे यापुढचं माझं बोलणं तटस्थ नव्हतं, हे आधीच कबूल करतो. मी म्हणालो, चूक झाली की खालच्या पायरीवरच्याला पकडायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. 31 जानेवारी 2021, इथं घाटंजी तालुक्यात बारा लेकरांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले. चूक भयंकर, वादच नाही. लेकरं वाचली हे नशीब. कारवाई झाली त्या तिघांत आशा होती. त्याच महिन्यात भंडाऱ्याला आग लागून दहा अर्भकं गेली. वरचे साहेब निलंबित झाले, पण गुन्हा नर्सवर. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना पुरस्कार दिला. वहिनीला त्याचं कळलं व्हॉट्सॲपवरून, तेव्हा मोबदला तीन महिने थकला होता.

"पुरस्कार तं भेटला ना!" बापूराव.

"तुमचा उंदीर काढू का?" पायलट म्हणाला.

उंदीर म्हणजे 2019. बापूरावांना गोदामात पायाला काहीतरी चावलं. नाग, नाग म्हणत त्यांनी 108 बोलावली, वाटेत पायलटला मृत्युपत्र सांगितलं, आणि दवाखान्यात इंजेक्शनसाठी टाहो फोडला. डॉक्टरनं दिलं नाही. बसवून ठेवलं, नळी पाहिली, पापण्या पाहिल्या, सकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी बापूरावांनी त्याच डॉक्टरविरुद्ध इलाज नाकारल्याचा अर्ज टाकला. तिसऱ्या दिवशी गोदामात पिंजऱ्यात चोर सापडला.

"न देनं बी डॉक्टरचं कामच हाय," पायलट म्हणाला. "त्या औषधाची रिॲक्शन आली तं मानूस जाते. तुमाले देलं असतं अन काही झालं असतं, तं उंदरावर कोनतं कलम लावलं असतं?"

"अन कायद्याचं बोलता बोलता गालात काय हाय काका?" पंकज म्हणाला. "खर्र्यावर बंदी हाय महाराष्ट्रात."

"ए, माह्या धंद्यावर नोको घसरू बे," बबन म्हणाला.

हसता हसता बापूरावांची पिशवी ओट्यावरून खाली पडली आणि कागद पसरले. पंकजनं उचलून दिले. त्यातला एक मात्र दिला नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज. सर्पदंश. दोन लाख. मयताचं नाव: मधूकर.

हसणं थांबलं.

"तयारी असू द्या म्हनलं," बापूराव म्हणाले. "मधूच्या बापानंच... म्हंजे मीच त्याले... पाचशे रुपये तं लागतेच ना टायपिंगले."

पायलट उठला. मला वाटलं आता सातवा गुन्हा होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. यवतमाळहून मधूचा बाप. पायलटनं स्पीकर लावला, पण म्हाताऱ्याला आवाज येत नव्हता म्हणून तो ओरडत होता.

"नामदेवाऽ! मधू मुतलाऽ!"

पाच दिवसांनी. अख्ख्या स्टँडवर ऐकू गेलं. समोरच्या हॉटेलातला पोऱ्या बाहेर येऊन उभा राहिला.

"किती?" पायलटनं विचारलं.

"डॉक्टर म्हनते चारशे मिलीऽ!"

बबननं तोंडात बोट घालून हिशेब केला. "दोन क्वार्टर अन वर एक छोटा." मग जे हसू फुटलं, त्यात अंकुशही होता. हसता हसता तो ओट्याच्या टोकावरून मध्ये आला. "पायलट, त्या बाईचा नंबर हाय का? सांगून दे तिले." पायलट म्हणाला, तूच सांग. अंकुश म्हणाला, माहा आवाज ओळखन थे. शेवटी पंकजनं मेसेज टाकला, आणि 'लघवी' लिहायचं की 'युरिन', यावर आणखी दहा मिनिटं गेली.

बापूराव पिशवी आवळून निघाले होते. बबननं मागून हाक मारली.

"काका, म्हाताऱ्याचे पाचशे?"

"अर्ज लिहिला ना बावा मी," बापूराव अंधारातून म्हणाले. "मधू मुतला यात माहा काय दोष?"