आठ तोफांच्या कामाबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या वडिलांनी १९७० च्या दशकात इंग्लंडहून आणून स्वतः रंगवलेला, नेपोलियनकालीन फ्रेंच तोफांच्या २५ मिलिमीटर मापाच्या (म्हणजे सैनिकाची उंची साधारण तेवढी असलेल्या) प्रतिकृतींचा संच आपण दुरुस्तीसाठी व पुन्हा रंगवण्यासाठी आमच्याकडे दिला होता. त्या कामाला आपण दोन तारे दिले आहेत. तोफेची नळी ज्यावर बसते त्या गाड्यांचा तपकिरी रंग जाऊन मळकट हिरवा आला, काळ्या नळ्या पिवळ्या झाल्या व पुढे सरकल्या, दोन चाके ‘डुप्लिकेट’ बसवली आणि सहा आठवड्यांच्या कामाला दहा आठवडे लागले, असे आपण लिहिले आहे. त्यानंतर शेवटच्या ओळीत जाता जाता ‘बाबांचा हात त्यावर राहिला नाही’ असेही म्हटले आहे. माझ्या मते खरी तक्रार ती आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

संच आमच्याकडे आला तेव्हा आठांपैकी पाच गाड्यांवर रंगाखाली फोड आलेले होते. त्यांतला एक मी स्वतः चिमट्याने उचलला, तेव्हा खाली धातूऐवजी राखेसारखी पांढरी भुकटी निघाली. त्या काळच्या प्रतिकृतींच्या मिश्रधातूत शिसे भरपूर असे. प्लायवूडची पेटी व पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा आणि आपल्याकडची दमट हवा एकत्र आली की त्या शिशाचे कार्बोनेट होऊ लागते आणि ते रंगाखाली नकळत पसरत जाते. रंग काढून, ओल्या ब्रशने भुकटी साफ करून, उघडा झालेला धातू सर्व बाजूंनी बंद केल्याशिवाय ते आटोक्यात येत नाही, आणि भुकटी विषारी असल्याने ती कोरडी घासताही येत नाही. त्यामुळे त्या पाच गाड्यांवरील आपल्या वडिलांचा रंग वाचवणे शक्य नव्हते.

उरलेले तीन गाडे मात्र धडधाकट होते. त्यांचाही रंग आम्ही काढला, कारण आठही नग टेबलावर एकाच तोफखान्याचे दिसावेत असे आम्हाला वाटले. मागणीपत्रात ‘जुना रंग काढणे’ या रकान्यात आपली खूण आहे, परंतु ती खूण पुढे करून मी हात झटकणार नाही. जुना रंग कोणी दिला होता हे आपण पहिल्याच भेटीत सांगितले होते, तेव्हा त्या तीन नगांना हात लावण्यापूर्वी एक फोन करणे आमचे कर्तव्य होते, आणि तो आम्ही केला नाही. या तीन नगांची संपूर्ण मजुरी या आठवड्यात आपल्या खात्यावर जमा होईल.

रंगाच्या निवडीबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. फ्रेंच तोफखान्याचे गाडे लाकडाच्या नैसर्गिक रंगात ठेवत नसत. पिवळी माती आणि काळा रंग यांच्या मिश्रणातून तयार होणारा ऑलिव्ह हिरवा त्यांना देत आणि लोखंडी पट्ट्या काळ्या करत. आपल्याला मळकट वाटलेली छटा याच मिश्रणाची आहे. मैदानी तोफांच्या नळ्या काशाच्या असत, १०० भाग तांब्याला ११ भाग कथील या प्रमाणातल्या. आपल्याकडच्या पंचरसी तोफांच्या जवळपासचा तो रंग. काळ्या लोखंडी नळ्या मुख्यतः जहाजांवर आणि किल्ल्यांवर असत. नळ्या पुढे सरकल्या हे आपले निरीक्षण अगदी अचूक आहे. फ्रेंच तोफखान्याच्या १७६५ च्या ग्रिबोव्हाल पद्धतीतल्या बारा-पौंडी (बारा पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) तोफेला गाड्यावर नळी बसवण्याच्या दोन जागा असत, मागची प्रवासासाठी आणि पुढची मारा करण्यासाठी. आपल्या संचात नळ्या मागच्या जागी चिकटवलेल्या होत्या आणि शेजारी गोलंदाज गज घेऊन तोफ ठासताना उभे होते, म्हणून आम्ही त्या पुढे घेतल्या. सहा तोफा आणि दोन हॉविट्झर (गोळा उंच कमानीत फेकणाऱ्या आखूड नळीच्या तोफा) ही फ्रेंच तोफखान्याच्या कंपनीची, म्हणजे तुकडीची, नेहमीची रचना आपल्या वडिलांनी बरोबर जमवली होती, हेही इथे नोंदवावेसे वाटते.

चाकांबद्दल आपले म्हणणे खरे आहे. सोळांपैकी दोन चाकांचे आरे हात लावताच गळून पडले. आज मिळणारी २८ मिलिमीटरच्या प्रतिकृतींची चाके या जुन्या गाड्यांना मोठी पडतात, म्हणून आपल्याच संचातील चांगल्या चाकावरून सिलिकॉनचा साचा घेऊन कथलाच्या शिसेविरहित मिश्रधातूत दोन नवी ओतली. कथील शिशापेक्षा हलके असल्याने तोफ हातात घेतल्यावर ती बाजू किंचित हलकी लागते. रंगात फरक दिसू नये. जुन्या चाकांचे तुकडे हवे असल्यास बंद डबीत ठेवले आहेत.

विलंबाचे कारण पावसाळा. दमट हवेत मॅट वार्निशचा फवारा मारला की थर दुधी होतो, आणि ऑगस्टमध्ये एका नमुना पट्टीवर तसे झालेले पाहून आम्ही थांबलो. थांबण्याचा निर्णय योग्य होता, पण तो आपल्याला महिनाभर न कळवणे योग्य नव्हते.

जुना तपकिरी रंग परत द्यावा असे आपण म्हणालात, तर कामापूर्वीच्या छायाचित्रांवरून तीन नग तसे रंगवता येतील आणि त्याचे पैसे घेणार नाही. पण ती आमची नक्कल होईल, आपल्या वडिलांचे काम होणार नाही, म्हणून मी तसा आग्रह धरणार नाही. त्यांच्या हातचे एक मात्र आमच्याकडे शाबूत आहे. प्रतिकृतींखालचे आठ पुठ्ठे आम्ही काढून जपून ठेवले आहेत. त्यांच्या तळाशी निळ्या बॉलपेनने १ ते ८ असे देवनागरी आकडे घातलेले असून हॉविट्झरच्या दोन पुठ्ठ्यांवर आकड्याभोवती गोल केलेला आहे. ते वेगळ्या पाकिटात कुरियरने पाठवत आहे. कृपया ते तोफांच्या डब्यात ठेवू नयेत. त्या पुठ्ठ्यातलेच आम्ल शिशाला पुन्हा बाधेल.

आपला,
कार्यशाळाचालक, पुणे