राजहंसांचे जंत, धाप आणि ओव्याची धुरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

राजहंसांच्या आजारपणावरील माझ्या लेखाखाली आपण सविस्तर आणि आडपडदा न ठेवता लिहिलेत, तेव्हा उत्तर दोन ओळींत आटोपणे बरे दिसणार नाही. आपला आक्षेप थोडक्यात असा : मी उठसूट दवाखान्याचा रस्ता दाखवतो, तालुक्याच्या दवाखान्यात गाईम्हशींचीच रांग संपत नाही आणि बगलेत राजहंस घेऊन आलेल्या माणसाकडे लोक हसून बघतात. आपण तासगावकडील आपल्या मळ्यात गेली अनेक वर्षे राजहंस पाळता, दर महिन्याला सर्वांना गुरांचे जंताचे औषध पिण्याच्या पाण्यातून देता, घशात घरघर सुरू झाली की हळद व लसूण भरवता आणि ओव्याची धुरी देता, तेवढ्याने भागले नाही तर दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पूड देता, आणि पक्षी बरे होतात. औषधानंतरची अंडी घरात खाल्ली तर चालतात का, असेही आपण शेवटी विचारले आहे.

दवाखान्यातील परिस्थितीबद्दल आपण लिहिले ते खरे आहे आणि त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. मात्र त्यावरून ‘म्हणून सगळे घरीच करावे’ असा जो निष्कर्ष आपण काढता, तो मला मान्य नाही. जंत आणि श्वास या दोन तक्रारी एकाच टोपलीत घालता येत नाहीत. जंतांचे औषध घरी देता येते, आमच्याकडेही ते घरीच दिले जाते. श्वासाच्या तक्रारीत घरी करण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु कोणते औषध द्यायचे हे ठरवणे त्यात येत नाही, कारण चोच उघडी टाकून धापा टाकणारा राजहंस जंतामुळे, बुरशीमुळे, जिवाणूमुळे, विषाणूमुळे किंवा नुसत्या अमोनियाच्या उग्र वासामुळेही अगदी सारखाच दिसतो.

आधी जंतांचे पाहू. राजहंसाला सर्वांत जास्त त्रास देणारा जंत आतड्यात राहत नाही. तो दाणे आणि गवत दळणाऱ्या पेषणीच्या आतील कडक अस्तराखाली राहतो. त्याचे शास्त्रीय नाव अमिडोस्टोमम. तो तांबूस, दोऱ्यासारखा बारीक आणि साधारण दोन सेंटिमीटर लांबीचा असतो. मोठे पक्षी तो बाळगून खुशाल हिंडतात, पिल्ले मात्र वाळतात, अशक्त होतात, त्यांचे रक्त कमी होते आणि काही वेळा ती दगावतात. या जंताला मधल्या यजमानाची, म्हणजे वाढीसाठी दुसऱ्या एखाद्या प्राण्याची, गरज लागत नाही. विष्ठेतून अंडी पडतात, त्यांतून अळ्या निघतात, त्या ओल्या गवतावर चढतात आणि राजहंस गवत खुडतो तेव्हा पोटात जातात. आम्ही पलूसकडे कृष्णाकाठी राहतो. येथे उसाच्या पाटामुळे बांधावरची हराळी बारमाही ओली असते आणि राजहंसांना नेमकी तीच आवडते. आपल्या भागात माळ कोरडा, ऊन कडक, आणि उन्हात व कोरड्या जमिनीत या अळ्या फार टिकत नाहीत. आपल्याकडे जंतांनी फारसे नुकसान झाले नाही, यात औषधाइतकाच आपल्या जमिनीचाही वाटा असू शकतो.

आता औषध पाण्यातून देण्याविषयी. फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोलचे गुरांसाठी मिळणारे पातळ औषध पाण्यात विरघळत नाही, ते थोड्या वेळात तळाशी बसते. त्यात राजहंस नुसते पाणी पीत नाहीत. ते त्यात मान बुडवतात, अंगावर उडवतात आणि घमेले उलटे करतात. धट्टाकट्टा नर जास्त पितो आणि ज्याला औषधाची खरी गरज आहे तो मलूल पक्षी घमेल्यापर्यंत येतच नाही, त्यामुळे कोणाच्या पोटात किती गेले हे सांगणे अशक्य होते. शिवाय हेच औषध २.५ टक्के आणि १० टक्के अशा दोन्ही तीव्रतांमध्ये मिळते. पहिल्याच्या एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्याच्या १००. समजा, डॉक्टरांनी किलोमागे २० मिलिग्रॅम सांगितले आणि पक्षी पाच किलोचा आहे, तर पहिल्या बाटलीतले ४ मिलिलिटर द्यावे लागेल आणि दुसऱ्यातले १. (हा आकडा हिशोब समजावण्यापुरता आहे, तो कृपया मात्रा म्हणून वापरू नये.) ‘एक झाकण’ हे माप आपल्याकडे सर्रास चालते, बाटली बदलली की तेच झाकण चौपट होते.

वजन करणे वाटते तितके अवघड नाही. पोत्याच्या तळाच्या कोपऱ्याला मान बाहेर येईल एवढे छिद्र पाडावे, राजहंसाला त्यात सरकवावे आणि पोत्याचे तोंड बांधून ते ताणकाट्याला अडकवावे. डोके बाहेर राहिल्यामुळे त्याला श्वास घेता येतो आणि पंख आत राहिल्यामुळे आपले तोंड शाबूत राहते. औषध देताना मात्र सर्वांत मोठी चूक घाईने होते. राजहंसाच्या जिभेच्या मुळाशी एक उभी फट दर श्वासाला उघडझाप करताना दिसते. ते श्वासनलिकेचे तोंड. चोच वर करून पिचकारीने औषध सरळ घशात सोडले तर ते या फटीतून फुप्फुसात जाऊ शकते आणि जंतासाठी धरलेला पक्षी न्यूमोनियाने जातो. म्हणून सुई काढलेली सिरिंज चोचीच्या कडेला लावून थोडे थोडे सोडावे आणि दर वेळी गिळण्याची वाट पाहावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मोजलेली मात्रा भाकरीच्या छोट्या तुकड्यात जिरवून एकेकाला वेगळे घेऊन आपल्या हाताने भरवणे. खाणारा पक्षी भाकरीला नाही म्हणत नाही, आणि भाकरीही नको म्हणणारा पक्षी घरच्या उपचाराच्या पलीकडे गेला आहे असे समजावे.

दर महिन्याला औषध देण्याच्या शिरस्त्याला माझा विरोध आहे. गरज नसताना पुन्हा पुन्हा तेच औषध दिले की त्याला न जुमानणारे जंत मागे उरतात. शेळ्यामेंढ्यांच्या जंतांमध्ये हे जगभर घडले आहे. शिवाय फेनबेंडाझोल पिसे फुटण्याच्या काळात दिल्यास नवी पिसे वेडीवाकडी येऊ शकतात. राजहंस पंखांची मोठी पिसे एकदमच टाकतात, त्यामुळे या काळात औषध दिल्याची खूण पुढच्या पिसेबदलापर्यंत अंगावर राहते. लेव्हामिसॉल या दुसऱ्या जंतनाशकाच्या बाबतीत योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर कमी आहे. पायपराझीन सुरक्षित म्हणून दुकानदार ते हातात ठेवतो, पण ते मोठ्या गोल जंतांपुरतेच चालते. पेषणीतल्या किंवा श्वासनलिकेतल्या जंताला त्याचा उपयोग नाही.

लसणाबद्दल मी थोडा कठोर होणार आहे. त्याने राजहंसाचे जंत पडतात याला भरवशाचा आधार नाही, आणि कांद्याच्या कुळाची ही सगळी मंडळी पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींना जड जाऊ शकतात. कांद्याची पात भरपूर खायला घातलेल्या राजहंसांना रक्तक्षय झाल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात झालेली आहे. ज्या पिल्लाचे रक्त जंतांनी आधीच कमी केले आहे, त्याला लसणाच्या पाकळ्या ठेचून भरवणे मला धोक्याचे वाटते. फलटण-खंडाळ्याकडे कांदा काढल्यावर पातीचे ढीग पक्ष्यांपुढे टाकले जातात, तेही टाळावे. हळदीचे म्हणाल तर सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा मलाही आनंद आहे, पण त्या मानांकनात जंत पाडण्याचा गुण कोणी नोंदवलेला नाही.

श्वासाकडे वळताना आधी पक्ष्याचे शरीर समजून घ्यावे लागते. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट यांमधला पडदा नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलते, त्याने शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या भरतात व रिकाम्या होतात, आणि ती हवा फुप्फुसांतून फिरते. म्हणून धाप लागलेल्या राजहंसाला काखेत आवळून धरले किंवा उताणे केले तर तो हातातच गुदमरू शकतो. आणि म्हणूनच धुरी अपायकारक ठरते : जो धूर आपल्याला खोकला आणतो, तो त्याच्या अंगात कितीतरी खोलवर जातो. ओवा असो, कडुलिंबाचा पाला असो की कापूर असो, बंद खुराड्यात धूर करू नये.

जंत आणि धाप यांचा खरा संबंध एकाच ठिकाणी येतो, तो म्हणजे श्वासनलिकेतला जंत. कोंबड्यांमध्ये सिंगॅमस आणि राजहंसांमध्ये सायाथोस्टोमा या नावाने तो ओळखला जातो. गांडुळे व गोगलगायी यांच्या पोटात त्याच्या अळ्या टिकून राहतात आणि पावसाळ्यात त्या खाल्ल्याने पक्ष्याला लागण होते. असा पक्षी मान लांबवतो, चोच उघडतो, डोके झटकतो, खोकल्यासारखा आवाज काढतो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये बऱ्यापैकी चरतो. आपले पक्षी ‘घरघर’ करीत होते आणि जंताच्या औषधाने बरे झाले असतील, तर ते बहुधा हेच प्रकरण असावे. त्यात आपल्या उपचाराचे यश आहे, ते मी नाकारत नाही.

बुरशीचा आजार याहून वेगळा आणि आपल्या जिल्ह्यांत अधिक चिंतेचा आहे. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी ओलसर पाचट, कुजके भुसकट आणि बुरसलेल्या मक्यावर वाढते, आणि पाणपक्षी तिला लवकर बळी पडतात. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठी किती वैरण आणि भुसकट भिजून पडले होते ते आपण पाहिले असेल. वरून वाळलेली अशी गंजी मोडली की आतून करडी भुकटी उडते, आणि तीच आपण पक्ष्यांच्या अंगाखाली पसरतो. या आजारात घरघर पुष्कळदा नसतेच. पक्षी शांतपणे चोच उघडी ठेवतो, दर श्वासाला शेपूट खालीवर होते, वजन उतरते, कधी आवाज बसतो. नेहमी पाहुण्यावर धावून जाणारा नर गप्प झाला की मी सर्वांत आधी अंथरूण हुंगतो. येथे प्रतिजैविकाची पूड निरुपयोगी तर आहेच, शिवाय ती लांबवत दिल्याने बुरशीला मोकळे रान मिळते. बुरशीवरची औषधे महाग असतात, दीर्घकाळ द्यावी लागतात आणि उशिरा सुरू केल्यास अपयशी ठरतात. त्यामुळे खरा उपचार म्हणजे अंथरूण बदलणे : पाचटाऐवजी भाताचे कोरडे तूस वापरावे, पाण्याची भांडी खुराड्याबाहेर ठेवावीत आणि वरच्या बाजूने हवा खेळती ठेवावी. घरी करण्यासारखे पुष्कळ आहे असे मी म्हटले, ते हे. आजारी पक्षी वेगळा, उबदार पण कोंदट नसलेल्या जागी ठेवावा आणि त्याला पोहायला सोडू नये.

पुडीवर छापलेले औषधाचे नावही वाचावे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत वापरण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे. जुना साठा कोणी देऊ केला तर घेऊ नये.

एका प्रसंगी घरच्या उपचाराची चर्चाच थांबवावी लागते. अचानक एकापेक्षा अधिक पक्षी मेले, माना वाकड्या झाल्या, डोकी सुजली किंवा शेजारच्या कोंबड्याही मरू लागल्या, तर तो बर्ड फ्लू किंवा मानमोडी (राणीखेत) रोग असू शकतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तो आपल्याच राज्यात. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने न शिवता, चिरून न पाहता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.

राहिला दवाखान्याचा प्रश्न. राजहंस तेथे न्यावा असे माझे म्हणणे बहुतेक वेळा नसते. विष्ठा न्यावी असे असते. सकाळी तीन-चार पक्ष्यांची ताजी विष्ठा झाकणाच्या छोट्या डबीत घ्यावी, उन्हात ठेवू नये, त्याच दिवशी पोहोचवावी. गाईच्या शेणातली जंतांची अंडी ज्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्याच यंत्राखाली राजहंसाचीही दिसतात, आणि डबी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी हसत नाही. मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन हवे असेल आणि वर सांगितलेली लक्षणे नसतील, तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात विचारणा करता येते. तासगावहून ते लांब आहे, हे कबूल; पण कळपातला एक पक्षी गेल्यावर बाकीच्यांसाठी ही खेप वाया जात नाही.

अंड्यांविषयी : गुरांच्या औषधावर दुधासाठी आणि मांसासाठी किती दिवस थांबायचे ते छापलेले असते, राजहंसाच्या अंड्यासाठी नसते. अंड्याचा बलक ते पडण्याच्या बरेच दिवस आधीपासून भरत असतो आणि औषधाचा अंश त्यात उतरतो, म्हणून केवळ त्या दिवसाची अंडी टाकून भागत नाही. ज्यांनी मात्रा सांगितली त्यांनाच हे दिवसही विचारावेत आणि तोवरची अंडी खाऊ नयेत, कोणाला देऊही नयेत. राजहंस वर्षभर अंडी देत नाहीत, त्यामुळे विष्ठेत जंतांची अंडी सापडली आणि पक्ष्यांची तब्येत बरी असली, तर औषध अंड्यांचा हंगाम सुरू होण्याच्या पुरेसे आधी उरकावे. तेव्हा अंडी टाकावी लागण्याचा प्रश्नच येत नाही.