बीट बनवायला लाखाचा लॅपटॉप लागत नाही

नाशिकच्या ढोल पथकांतल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "बीट बनवायची तर आधी लाखाचा लॅपटॉप घ्या, एफएल स्टुडिओ क्रॅक करून टाका, ढोलाचे तयार लूप उतरवा. फुकटच्या सॉफ्टवेअरनं काही होत नाही." बीट म्हणजे गाण्याखालचा ताल, एफएल स्टुडिओ हे ती बनवायचं विकतचं सॉफ्टवेअर, क्रॅक म्हणजे पैसे न भरता चोरून वापरायची प्रत, आणि लूप म्हणजे पुन्हापुन्हा वाजवता येणारा आवाजाचा तयार तुकडा. माझ्या भाच्यानं तो मला पाठवला आणि विचारलं, "मामा, हप्त्यावर लॅपटॉप घेऊ का?"

नको घेऊस. सुरुवातीच्या बीटमध्ये किक, स्नेअर, हाय-हॅट हे ड्रमचे आवाज आणि खालचा बेस असे चार-सहा आवाज असतात. त्याला ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. आवाज तुटायला लागला तर सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज आधीच साठवून ठेवायची जागा, वाढवायचा. हेडफोन मात्र वायरचेच हवेत, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो.

क्रॅकचा उद्योग भाच्यानं आधीच करून पाहिला होता. अँटीव्हायरस बंद करा, असं त्या फाइलसोबतच लिहिलं होतं. त्यानं केला, आणि आठवड्यात त्याचे पासवर्ड चोरीला गेले. वाईट याचं वाटतं की गरजच नव्हती. एफएलच्या फुकट ट्रायलमध्ये बीट बनवून तिची ऑडिओ फाइल काढता येते. फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. एलएमएमएस हे बीट बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर तर पूर्ण मोफत आहे. आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड हे अॅपलचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सगळ्यांतून शेवटी ऑडिओ फाइलच निघते, सॉफ्टवेअर कितीला घेतलं हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

लूपबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय. नाशिक ढोल ज्या गावाच्या नावानं ओळखला जातो, त्या गावातल्या पोरानं ढोलाचा लूप इंटरनेटवरून का आणावा? गणपतीआधी पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा परवानगी घेऊन जा. एकाच वादकाला एकेक ठोका सुटा वाजवायला सांगा: टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) वेगळा, हाताच्या थापेचा वेगळा. फोन ढोलाला चिकटवू नका, आवाज फाटतो. दहा पावलं मागं उभे राहा. मग ऑडॅसिटी या आवाज कापायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठोके कापा आणि एलएमएमएसमधल्या बीट मांडायच्या १६ घरांत बसवा. चार घरांची एक मात्रा, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन.

पहिल्यांदा ते पत्र्यासारखं कोरडं वाजेल. कारण पथकात तीस ढोल असतात आणि तीस हात एकाच क्षणी कधीच पडत नाहीत. त्या किंचित मागंपुढं पडण्यातच तो भरदारपणा आहे. म्हणून तोच ठोका चार ट्रॅकवर घ्या, प्रत्येक वेगवेगळा १०-२० मिलिसेकंद सरकवा, एखाद्याचा पिच (स्वराची उंची) थोडा उतरवा, दोन डावीकडं आणि दोन उजवीकडं ठेवा. समेचा, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका जोरात, मधले हलके. तयार लूपमध्ये हे सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं, आतला एकेक ठोका सुटा करून हलवणं किचकट जातं.

भाच्यानं हप्ता काढला नाही. परवा त्यानं फोनवर पकडलेल्या सात थापा मला पाठवल्या. दोन फाटल्यात, पाच कामाच्या आहेत.