आकडा मी दिलाय ना? मग बिंदू तिथेच टाक!

कॅडवाल्यांनो (कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे-ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर), एकच विचारतो. माणूस तीन दशांशापर्यंत आकडा टाइप करतो, तेव्हा त्याला तो बिंदू नेमका तिथेच हवा असतो, एवढं कळायला काय लागतं?

आमचं पोरगं मे महिन्यात, अमळनेरच्या त्या उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजायचं यंत्र, घेऊन बांधाबांधाने फिरतं. ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये) ५०५४२०.३५२, नॉर्दिंग (उत्तरेकडचं) २३२६११८.६०४. (७५ रेखांश अमळनेरच्या अगदी जवळून जातं आणि यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४३ नंबरच्या झोनमध्ये, म्हणजे पट्ट्यात, त्या रेषेला ५००००० धरतात, म्हणून आमच्याकडे ईस्टिंग कायम पाच लाखांच्या आसपास.) इतक्या मेहनतीचा आकडा. पहिला बिंदू गुपचूप बसतो. दुसरा टाकून एंटर मारला की रेघ पडद्याबाहेर पसार! झूम एक्स्टेंट्स करून सगळं ड्रॉइंग पडद्यावर आणलं तर अख्खं शेत गायब, नुसती एक तिरकी रेघ.

कारण काय, तर डायनॅमिक इनपुट, म्हणजे कर्सरपाशीच आकडे टाइप करायची सोय, चालू. ते चालू असलं की दुसऱ्या बिंदूपासूनचा प्रत्येक आकडा 'मागच्या बिंदूपासून इतका लांब' असा धरला जातो. न सांगता स्वतःच @ ही 'मागच्यापासून मोज'ची खूण लावून मोकळं! पाच लाखांत पाच लाख, तेवीस लाखांत तेवीस लाख. बांधाची लांबी भरली २३८० किलोमीटर आणि दुसरं टोक थेट चीनमध्ये. शेजारचं पोरगं खिदळतंय, "भो, बांध चीनमा गया!" इथे बांध वीतभर सरकला म्हणून लोक बापापासून नातवापर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि याला दोन हजार किलोमीटरचं काहीच वाटत नाही.

उपाय आहे हो. आकड्याआधी # लावा, म्हणजे तो मूळ शून्यापासून धरला जातो, नाहीतर एफ१२ दाबून ते बंद करा. पण ही सेटिंग प्रत्येक मशीनवर वेगळी. ऑस्नॅपचंही, म्हणजे कर्सर जवळच्या कोपऱ्याला आपोआप चिकटवायच्या सोयीचंही, तेच. तिची ऑस्नॅपकोऑर्ड ही सेटिंग शून्यावर असेल तर टाइप केलेला आकडा बाजूला ठेवून बिंदू जवळच्या कोपऱ्याला चिकटतो. ही चूक चीनला जात नाही, चार बोटं सरकते, म्हणून दिसतच नाही. जी दिसत नाही तिचीच मला जास्त भीती.

आता एक्सेल पाठवणारे शहाणे. यांना आकडे देखणे हवेत, म्हणून लाखाचे स्वल्पविराम! अरे बाबांनो, कॅडमध्ये स्वल्पविराम म्हणजे एक्स संपला, वाय सुरू. ईस्टिंगच्या जागी ५,०५,४२०.३५२ पडलं की ते वाचतं: एक्स ५, वाय ५, झेड ४२०.३५२. आणि घेतं की! ना कुरकुर, ना एरर. बिंदू मूळ शून्याजवळ हवेत लटकतोय आणि आपण गट नंबर शोधत बसलोय.

त्यात कॉलमचा क्रम. कोणी नॉर्दिंग आधी लिहितो, कोणी ईस्टिंग. हेडिंग द्यायला जणू पैसे पडतात. उलटं टाकलं तर अमळनेरचं शेत सुमात्राच्या अलीकडे समुद्रात.

सगळ्यात थोर ते, ज्यांना 'आकडे फार मोठे आहेत, हॅच (आतलं रेघांचं भरण) नीट येत नाही' म्हणून अख्खं ड्रॉइंग उचलून ०,० वर आणायची खोड आहे. किती सरकवलं ते कुठेही लिहायचं नाही. फाइलचं नाव 'फायनल नवीन'. मग बांधाला लागून रस्ता निघाला की नवीन मोजणी त्यावर बसवायची कशी? माझ्या डोक्यावर?

यापुढे माझ्याकडे साधी टेक्स्ट फाइल येईल. आधी ईस्टिंग, मग नॉर्दिंग, मधे एकच स्वल्पविराम, वर झोन लिहिलेला. नसेल तर फाइल उघडणार नाही, मग साइटवरून कितीही फोन करा.